बॉण्डवर सही करण्याआधी रोस्टर मागा

प्रश्न थोडक्यात असा: भाच्याचं सीपीएल (व्यावसायिक पायलटचा परवाना) झालंय, घरच्यांचे साठेक लाख त्यात गेलेत. आता समोर दोन वाटा आहेत. एका मोठ्या विमान कंपनीत ज्युनिअर फर्स्ट ऑफिसरची जागा, पाच वर्षांच्या बॉण्डसकट. किंवा मुंबईतल्या एका चार्टर कंपनीत छोट्या जेटवर को-पायलट. मामा विचारतात: बॉण्डवर सही करावी का? पायलटांच्या युनियनमध्ये गेलं तर नोकरी धोक्यात येते का? आणि खासगी विमानावरचं आयुष्य एअरलाइनपेक्षा आरामाचं असतं, हे खरं का?

मी दोन्हीकडे उडलोय. आधी चार्टर, मग एअरलाइन, आणि आता सिम्युलेटरवर नव्या पोरांना शिकवतो. मधली काही वर्षं पायलट संघटनेच्या कार्यकारिणीत होतो, तेव्हा बोलण्यात तो कल येणारच. तेवढं वजा करून वाचा.

घरचे लोक पगाराचा आकडा विचारतात. मी मुलांना रोस्टर विचारायला सांगतो. त्या कंपनीत आज उडणाऱ्या एखाद्या फर्स्ट ऑफिसरला गाठायचं आणि त्याचं गेल्या तीन महिन्यांचं रोस्टर बघायचं: ठरलेलं आणि प्रत्यक्षात घडलेलं, दोन्ही. या दोहोंत जितका फरक, तितकी ती नोकरी अवघड.

रोस्टर म्हणजे महिन्याच्या ड्युट्यांचा तक्ता. कुठल्या दिवशी किती वाजता रिपोर्टिंग, किती सेक्टर (एकेक उड्डाण म्हणजे एक सेक्टर), मुक्काम कुठे, स्टँडबाय कधी, साप्ताहिक सुट्टी कधी. पगारही बराचसा त्यातूनच ठरतो, कारण आपल्याकडे पायलटच्या कमाईचा मोठा वाटा उड्डाणाच्या तासांवर असतो आणि कंपनी ठरावीक तासांचीच हमी देते. २०२३ मध्ये एअर इंडियात नव्या करारावरून रण पेटलं, त्यात हमीचे तास ७० की ४० हा कळीचा मुद्दा होता. तास मोजायचे ते विमान जागचं हलल्यापासून पुन्हा थांबेपर्यंत. त्याआधीचं ब्रीफिंग, दोन सेक्टरमधली ताटकळ, दुसऱ्या शहरातून ड्युटी उचलायला प्रवाशाच्या सीटवर बसून जाणं, हे सगळं ड्युटीत धरतात. त्याचे पैसे किती, ते कंपनीगणिक वेगळं. म्हणून 'महिन्याला साठच तास उडतो' हे ऐकायला हलकं वाटतं, पण त्यामागे ड्युटीचे तास सहज दुप्पट असतात, आणि त्यातले कितीतरी माणसाने झोपावं अशा वेळी.

थकवा हा विषय बाहेरच्या माणसाला पटवणं अवघड जातं. 'बसून तर असता' असं म्हणणारे नातेवाईक प्रत्येक पायलटला असतात. पहाटे दोन ते सहा या वेळात शरीर सगळ्यात मंद चालतं, दिवसा कितीही झोप काढलेली असो. त्या वेळात एकदा उतरणं वेगळं आणि एका रात्रीत चार-चार वेळा उतरणं वेगळं. चौथ्या वेळी चेकलिस्ट तोंडाने म्हटली जाते, डोक्यापर्यंत पोचत नाही.

याचं सगळ्यात भीषण उदाहरण आपल्याच देशातलं आहे. २२ मे २०१० ला दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्सप्रेसचं विमान मंगळूरच्या टेबलटॉप, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या धावपट्टीवरून पुढे जाऊन दरीत कोसळलं. १५८ माणसं गेली, आठ वाचली. चौकशीचे अध्यक्ष होते निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले, पुणेकरांच्या चांगल्या परिचयाचे. कॉकपिटच्या रेकॉर्डरवर सुमारे दोन तासांचं ध्वनिमुद्रण मिळालं आणि त्यातला पहिला दीड तासाहून अधिक काळ दोघांत संभाषणच नाही. कमांडर झोपलेला, त्याचं घोरणं ऐकू येतं. उतरायच्या वेळी विमान हवं त्यापेक्षा खूप उंच होतं. को-पायलट गो-अराउंड करा, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर चला, म्हणत राहिला, तरी उतरणं चालूच राहिलं. झोपेतून उठल्यावरची गुंगी निर्णयात उतरली, असा अहवालाचा रोख होता. त्यानंतर २०११ मध्ये ड्युटी आणि विश्रांतीचे नियम नव्याने आले. यांनाच आम्ही एफडीटीएल म्हणतो.

पण नियम कागदावर कमाल मर्यादा सांगतात आणि कंपनीचं संगणकीय रोस्टर त्या कमाल मर्यादेलाच लक्ष्य मानतं. सात दिवसांत ३५ तास, वर्षात १००० तास ही उड्डाणाची कमाल मर्यादा. कंपनीला मात्र तो कोटा वाटतो. म्हणून संघटना वर्षानुवर्षं रात्रीच्या ड्युट्यांवर बोलत होत्या. जानेवारी २०२४ मध्ये डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने, सुधारित नियम काढले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ ऐवजी ४८ तास. 'रात्र' पहाटे ५ ऐवजी ६ पर्यंत. रात्रीच्या ड्युटीत सहाऐवजी दोनच लँडिंग. १ जून २०२४ पासून ते लागू व्हायचे होते; कंपन्यांनी ओरड केली आणि अंमलबजावणी लांबणीवर पडली. पायलट संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, तिथे टप्पे ठरले: काही कलमं १ जुलै २०२५ पासून, उरलेली १ नोव्हेंबर २०२५ पासून.

पुढचं सगळ्यांनी अनुभवलंच. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची उड्डाणं धडाधड रद्द झाली. ५ तारखेला एका दिवसात हजारावर. लग्नसराईचे दिवस, विमानतळांवर बॅगांचे डोंगर. त्या आठवड्यात मला ओळखीच्यांचे फोन येत होते, 'तुमच्या लोकांनी संप केला का हो?' संप कुणीच केला नव्हता. नियम जवळजवळ दोन वर्षं आधी छापलेले होते, तारखा न्यायालयात ठरलेल्या होत्या, आणि हिवाळ्याचं वेळापत्रक मात्र नव्या नियमांना लागतील तेवढे पायलट हाताशी नसताना आखलं गेलं. नियोजन चुकल्याचं कंपनीनेही मान्य केलं. मग नियामकाने १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत रात्रीच्या कलमांतून त्या कंपनीला सूट दिली. संघटनांनी हरकत घेतली आणि माझ्या मते ती रास्त होती. ज्याने वेळेत माणसं नेमली त्याला काहीच नाही आणि ज्याने नेमली नाहीत त्याला सवलत, हा धडा पुढच्या वेळी प्रत्येक कंपनी लक्षात ठेवणार.

हे एवढं लांबण लावून सांगितलं कारण युनियनच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. गेल्या दहा-पंधरा वर्षांत पायलट संघटनांनी पदरात पाडलेली सगळ्यात मोठी गोष्ट पगारवाढ नाही. ते ४८ तास आणि त्या दोन लँडिंग. एकटा पायलट रोस्टर विभागाला फोन करून एखादी ड्युटी बदलून घेऊ शकतो, आणि तीही वर्षातून एक-दोनदाच. तिसऱ्यांदा केला की 'हा नेहमी कुरकुर करतो' अशी नोंद मनात होते, आणि कमांडच्या (कॅप्टनपदाच्या) यादीची वेळ आली की मनातल्या नोंदी कामाला लागतात.

आता आपल्या संघटनांचं कौतुक इथेच थांबवतो, कारण त्यांचा इतिहास फार गौरवाचा नाही. अमेरिकेत एअर लाइन पायलट्स असोसिएशन १९३१ पासून आहे आणि एकाच छत्राखाली अनेक कंपन्यांचे पायलट आहेत. आपल्याकडे प्रत्येक कंपनीची वेगळी चूल, आणि एकाच कंपनीत दोन. जुन्या इंडियन एअरलाइन्सच्या पायलटांची इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशन, एअर इंडियाच्या मोठ्या विमानांवरच्यांची इंडियन पायलट्स गिल्ड. २०११ मध्ये पहिल्या संघटनेने वेतनाच्या समानतेसाठी दहा दिवस संप केला. २०१२ मध्ये दुसरीने ५८ दिवस केला, कशासाठी? तर ड्रीमलायनरचं प्रशिक्षण पहिल्या गटाच्या पायलटांनाही मिळतंय म्हणून. शंभरावर पायलटांना बडतर्फीची पत्रं गेली, न्यायालयापुढे आश्वासन देऊन माघार घ्यावी लागली. तो संप प्रवाशांच्या सुरक्षेसाठी नव्हता, ज्येष्ठतेच्या यादीसाठी होता, आणि लोकांची सहानुभूती आम्ही तिथे गमावली ती अजून पुरती परत आलेली नाही.

खासगी कंपन्यांतलं उदाहरण म्हणजे २००९ चं जेट एअरवेज. पायलटांनी नॅशनल एव्हिएटर्स गिल्ड नावाने युनियन नोंदवली, कंपनीने त्यातल्या पदाधिकाऱ्यांना काढलं आणि सप्टेंबरमध्ये शेकडो पायलट एकाच दिवशी 'आजारी' पडले. पाच दिवसांत तडजोड झाली, काढलेल्यांना परत घ्यावं लागलं. पण त्याच जेटमध्ये २०१९ ला पगार थकले तेव्हा हीच युनियन काही करू शकली नाही. १७ एप्रिलला शेवटचं विमान उडालं. तिजोरीच रिकामी असेल तर युनियनच्या हातात एवढंच, की देणेकऱ्यांच्या रांगेत कर्मचाऱ्यांची फाइल नीट लावून द्यायची.

आता कायदा. सामूहिक 'आजारी रजा' ही वाट आता पूर्वीसारखी उरलेली नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. तिच्यात संपाच्या आधी १४ दिवसांची नोटीस लागतेच, शिवाय निम्म्या किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली तर तीही संपातच धरली आहे. नोटिशीचं बंधन आमच्यासाठी नवं नाही. विमान वाहतूक जुन्या १९४७ च्या कायद्यातही सार्वजनिक उपयुक्ततेच्या सेवांत होती. पायलट हा कायद्याच्या व्याख्येतला 'कामगार' की व्यवस्थापनाचा माणूस, यावर न्यायालयात पुन्हा पुन्हा वाद झाले आहेत. कंपन्यांचा ठरलेला मुद्दा असतो की कमांडर क्रूवर देखरेख करतो आणि लाखोंनी कमावतो, तो कसला कामगार. पायलटांचं उत्तर असतं की त्याचं मुख्य काम विमान उडवणं आहे, ते तांत्रिक काम आहे आणि कुणाला नोकरीवर घेण्या-काढण्याचा अधिकार त्याला नाही.

तर भाच्याने सभासद व्हावं का? व्हावं, पण परिवीक्षा संपल्यावर, लाइनवर रिलीज झाल्यावर, म्हणजे प्रशिक्षकाशिवाय नेहमीच्या उड्डाणांवर जायला मोकळा झाल्यावर. तोपर्यंत घोषणांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात मतं मांडत बसू नये. देशपातळीवर फेडरेशन ऑफ इंडियन पायलट्स आणि एअरलाइन पायलट्स असोसिएशन ऑफ इंडिया आहेत. कंपनीची स्वतःची युनियन नसली तरी तिथे जाता येतं. संघटनेचा खरा उपयोग संपापेक्षा चौकशीच्या टेबलावर होतो. हार्ड लँडिंग झालं, फ्लाइट डेटा मॉनिटरिंगमध्ये काही सापडलं, मेडिकलमध्ये तात्पुरतं अनफिट ठरवलं, अशा वेळी नियमावली पाठ असलेला एक ज्येष्ठ माणूस शेजारी असणं काय असतं ते ज्याच्यावर वेळ आली त्यालाच कळतं. जून २०२५ च्या अहमदाबाद अपघातानंतर प्राथमिक अहवाल आला आणि दोन्ही मृत पायलटांवर वाहिन्यांनी लगेच निवाडे सुरू केले. तेव्हा पुढे येऊन 'चौकशी पूर्ण होऊ द्या' म्हणणाऱ्या या संघटनाच होत्या. मृत माणूस स्वतःची बाजू मांडू शकत नाही.

बॉण्डकडे वळतो. एअरलाइनमध्ये शिरताना सीपीएलच्या वर एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७ सारख्या विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे तेच विमान उडवण्याची वेगळी पात्रता लागते. ग्राउंड स्कूल, सिम्युलेटर, मग खऱ्या विमानावर लँडिंग, आणि त्यानंतर प्रशिक्षक कमांडरच्या शेजारी बसून प्रवासी असलेल्या उड्डाणांवर शिकणं. यातला खर्च कंपनी करते किंवा मुलगाच करतो, आणि बॉण्ड दोन्ही प्रकारांत असू शकतो. इथे नीट बघा. ज्याचे पैसे तुम्हीच भरलेत त्या प्रशिक्षणावर कंपनीने बॉण्ड कशासाठी मागावा, हा प्रश्न विचारायला लाजू नका. बॉण्ड बेकायदा असतो असं कट्ट्यावर कुणी सांगेल; त्यावर विसंबू नका. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोकरीचा बॉण्ड वैध धरला आहे. मुद्दा रक्कम वाजवी आहे का, हाच राहतो.

करार वाचताना माझं बोट चार ठिकाणी थांबतं. बॉण्डचं घड्याळ रुजू झाल्यापासून चालू होतं की रिलीज झाल्यापासून. सिम्युलेटर मिळेना म्हणून वर्ष बसवून ठेवलं तर हा फरक एका वर्षाचा असतो. रक्कम दरवर्षी घटत जाते का, की चौथ्या वर्षी सोडलं तरी पूर्ण भरायची. मेडिकल गेलं तर माफ आहे का. आणि कंपनी बंद पडली, विमानं कमी झाली, कपात झाली तर काय. हा शेवटचा प्रश्न अशुभ वाटतो, पण किंगफिशर २०१२ मध्ये, जेट २०१९ मध्ये आणि गो फर्स्ट मे २०२३ मध्ये बसली. टाइप रेटिंग घेऊन घरी बसलेली मुलं मी पाहिली आहेत. उडणं थांबलं की रिसेन्सी (अलीकडच्या सरावाची अट) जाते, आणि पुन्हा सिम्युलेटरचे पैसे. कोरे धनादेश आणि आईवडिलांच्या घराचं तारण मागितलं तर सरळ नाही म्हणा.

बॉण्डच्या वर आणखी एक दोर आहे, तो सरकारी. डीजीसीएच्या नियमाने राजीनाम्यानंतर को-पायलटला सहा महिने आणि कमांडरला एक वर्ष नोटीस द्यावी लागते. जगात असा नियम क्वचितच असेल. २०२३ मध्ये ४३ पायलट नोटीस पूर्ण न करता गेले म्हणून आकासा एअर न्यायालयात गेली होती. त्याच नियमात दुसरी बाजूही आहे आणि ती कंपनीचा एचआर कधी वाचून दाखवत नाही: नोटीस काळात कंपनीने पगार कापला किंवा अटी पायलटच्या तोट्याच्या केल्या, तर तो लवकर सुटका मागू शकतो.

चार्टरबद्दल. आराम? उड्डाणाचे तास कमी, हे खरं. महिन्याला वीस-पंचवीस तास उडलात तरी महिना भरलेला असतो, कारण बाकीचे दिवस फोनजवळ गेलेले असतात. रात्री अकराला फोन येतो, 'सकाळी सहाला छत्रपती संभाजीनगर, तिथून दिल्ली, बाकी कळवतो.' ते 'बाकी' कधी कधी तीन दिवस चालतं. साहेबांची सभा लांबते, लग्नातून मंडळी निघत नाहीत, आणि पायलट विमानतळाच्या खुर्चीवर. को-पायलट बॅगा चढवतो, केटरिंग तपासतो, इंधनाच्या पावतीवर सही करतो, केबिन पुसतो. यात कमीपणा काही नाही, मी सगळं केलंय. उलट छोट्या धावपट्ट्या, इन्स्ट्रुमेंट लँडिंगची सोय नसलेली ठिकाणं, स्वतःचं फ्लाइट प्लॅनिंग, यातून हात तयार होतो तो एअरलाइनमध्ये सहसा होत नाही.

अडचण वेगळी आहे. आपल्या राज्यात कितीतरी धावपट्ट्यांवर रात्री उतरायची सोय नाही. सूर्यास्ताच्या आत उतरायलाच हवं. साहेब पाऊण तास उशिरा आले आणि 'कॅप्टन, बघा ना, जमवा' म्हणाले, की एअरलाइनमध्ये ज्या ठिकाणी ऑपरेशन्स कंट्रोल, चीफ पायलट, लेखी धोरण अशी रांग उभी असते, तिथे चार्टरमध्ये दोनच माणसं उभी असतात. आणि नकार ज्याला द्यायचा तो मागे दहा फुटांवर बसलेला असतो. त्याची एक नाराजी आणि कंपनीचा करार जातो, हे मालकालाही ठाऊक आणि पायलटलाही. युनियन तर नाहीच. दोन-तीन विमानं आणि सात-आठ पायलट असलेल्या कंपनीत ती व्हायची कशी? अमेरिकेत नेटजेट्ससारख्या खासगी जेट कंपनीत पायलटांची स्वतःची युनियन आहे, पण तिथे एकाच मालकाकडे हजारो पायलट आहेत. आपल्याकडे ते चित्र नाही.

म्हणून चार्टर कंपनीच्या चीफ पायलटला भाच्याने तोंडावर विचारावं: गेल्या वर्षी हवामानामुळे किंवा वेळेमुळे किती उड्डाणं नाकारली, आणि नाकारणाऱ्याला मालकाने काय म्हटलं? चांगला चीफ पायलट लगेच दोन किस्से सांगतो. जो 'आमच्याकडे असं होतच नाही' म्हणतो, तिथे जाऊ नये. शिवाय प्रत्येक विमानामागे किती पायलट आहेत आणि वर्षाचं सिम्युलेटर प्रशिक्षण कुठे होतं, तेही विचारावं. बिझनेस जेटची सिम्युलेटरं बहुतेक परदेशात आहेत, आणि खर्च वाचवायचा झाला की कात्री आधी तिथेच लागते.

प्रशिक्षणाबद्दल एकच. आपल्याकडे सीपीएल २०० तासांवर मिळतं. अमेरिकेत २००९ च्या बफेलो अपघातानंतर, ज्यात ५० माणसं गेली, को-पायलटलाही साधारण १५०० तासांची अट आली. १५०० तासांचा आकडा जादूचा आहे असं मला वाटत नाही. सरळ रेषेत उडवलेले हजार तास फार शिकवत नाहीत. पण २०० मधले काही तास लॉगबुकात पेनानेच उडवलेले असतील, तर सिम्युलेटरच्या पहिल्या सत्रात ते उघडं पडतं. गोंदिया असो, शिरपूर असो की परदेश, भाच्याच्या लॉगबुकातले तास खरे असतील तर घाबरायचं कारण नाही. मधल्या रिकाम्या काळात मात्र हात गंजू देऊ नये. इन्स्ट्रुमेंट फ्लाइंग, म्हणजे बाहेर न बघता उपकरणांवर उडणं, आधी जातं.

माझा कौल एअरलाइनकडे आहे, बॉण्डचं घड्याळ रुजू होण्याच्या तारखेपासून चालणार असेल आणि रक्कम वर्षागणिक घटत असेल तर. नसेल, आणि चार्टरचा चीफ पायलट दोन किस्से सांगणारा निघाला, तर वर्ष-दोन वर्षं तिकडे काढायला हरकत नाही. एटीपीएलच्या (कॅप्टन व्हायला लागणाऱ्या परवान्याच्या) १५०० तासांना उशीर होईल एवढंच. कराराची प्रत कामगार कायदा जाणणाऱ्या वकिलाला दाखवा. 'आजच्या आज सही हवी' असं कंपनीने सांगितलं, तर दोन दिवस मागून घ्या; बॅचची तारीख महिनोन्‌महिने पुढे ढकलणाऱ्यांना दोन दिवस थांबता येतं.